कैरोचा अश्वांचा दवाखाना

भडोचच्या मुनिसुव्रतस्वामींच्या तीर्थाचे प्राचीन नाव अश्वावबोध तीर्थ. श्वेतांबर परंपरेतील कथा अशी की, भृगुकच्छाच्या राजाने अश्वमेधासाठी एक उमदा घोडा राखून ठेवला होता. त्या जीवाच्या उद्धारासाठी भगवान मुनिसुव्रत प्रतिष्ठानपुराहून, म्हणजे आपल्या पैठणहून, निघाले आणि एका रात्रीत साठ योजने विहार करून भडोचला पोहोचले. समवसरणात त्या घोड्याने देशना ऐकली, त्याला बोध झाला आणि शांतपणे देह ठेवून तो देवगतीला गेला. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरींच्या ‘विविधतीर्थकल्पा’त या तीर्थाला स्वतंत्र कल्प आहे. तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांचे लांछनही घोडाच. नेमिनाथांच्या वरातीचा रथ कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून माघारी वळला, ती कथा तर घराघरात सांगितली जाते. तरीही जीवदयेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गाय येते, कबुतर येते, फार तर कुत्रा येतो. घोडा क्वचितच येतो. तो अजूनही वरातीचा आणि टांग्याचाच राहिला आहे.

घोड्यांसाठी उभ्या राहिलेल्या एका जुन्या दवाखान्याचे दर्शन घ्यायचे तर इजिप्तच्या राजधानीत जावे लागते. व्यापारानिमित्त किंवा पिरॅमिड पाहण्यासाठी कैरोला जाणारे जैन कुटुंब सहसा नाईल नदी, वस्तुसंग्रहालय आणि खान-अल-खलीली बाजार एवढे पाहून परतते. मध्ये एखाद्या दिवशी पोटापाण्याचा प्रश्न सोडवत फिरावे लागते. तांदूळ, मसूर आणि मॅकरोनी यांची ‘कोशरी’ निर्मांस असते खरी, पण तिच्यावर तळलेला कांदा आणि लसणाचे पाणी पडलेच म्हणून समजावे. आधी सांगितलेले बरे. या नेहमीच्या वाटेपासून थोडे बाजूला, जुन्या कैरोच्या सय्यदा झैनब वस्तीत, ब्रूक प्राणी रुग्णालय आहे. वस्ती दाट, रस्ते अरुंद. मोटारींच्या भोंग्यांमधून वाट काढीत भाजीने भरलेली दुचाकी गाडी ओढणारे गाढव तेथे अजूनही दिसते. या मालगाडीला तिकडे ‘कारो’ म्हणतात, तर प्रवाशांना फिरवणाऱ्या घोडागाडीला ‘हंतूर’. हंतूर म्हणजे आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरियाची सख्खी बहीणच. तसेच मागे पडणारे छत, तशीच पितळी सजावट, आणि घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला निळा मणी. मण्याने दृष्ट टळत असेल. जोताच्या पट्ट्याखाली सोललेली कातडी त्याने भरून येत नाही.

या दवाखान्याची कथा पहिल्या महायुद्धात सुरू होते. सिनाई आणि पॅलेस्टाईनच्या वाळवंटात तुर्कांविरुद्ध लढलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत घोडदळ मोठे होते आणि त्यात भारतीय पलटणीही होत्या. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ मध्ये जिची उभारणी झाली ती पूना हॉर्स पलटण १९१८ मध्ये फ्रान्समधून इजिप्तमार्गे याच आघाडीवर आली. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाईत स्वारांनी हैफा शहर घेतले. दिल्लीचा तीन मूर्ती चौक त्याच स्वारांचे स्मारक आहे. स्वारांची स्मारके झाली. घोड्यांचे काय झाले?

युद्ध संपले तेव्हा हजारो घोडे इजिप्तमध्ये होते. त्यांना जहाजाने मायदेशी नेण्याचा खर्च मोठा आणि रोगराईच्या भीतीने घातलेले निर्बंध कडक. सरकारी हिशेबात घोडा हा ‘वापरून झालेला माल’ ठरला. काही भारतीय पलटणींकडे गेले. ऑस्ट्रेलियन स्वारांचे वृद्ध आणि निकामी घोडे गोळी घालून संपवण्यात आले. उरलेले स्थानिक बाजारात विकले गेले. लष्करी तबेल्यात खरारा आणि वेळेवर चंदी यांची सवय असलेले ते जनावर कारोला जुंपले गेले, दगडाच्या खाणीत गेले, भट्टीवर गेले. विकत घेणारा गाडीवान क्रूर होता असे म्हणता येणार नाही. तो स्वतःच अर्धपोटी होता. ज्याच्या घरात संध्याकाळची भाकर त्या दिवसाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते, तो लंगड्या घोड्याला चार दिवस विसावा कसा देणार? दारिद्र्याचा भार शेवटी ज्याला बोलता येत नाही त्याच्या पाठीवर जातो, हे कैरोत जितके खरे तितकेच आपल्या वीटभट्ट्यांवरही खरे आहे.

१९३० मध्ये डोरोथी ब्रूक या इंग्रज गृहिणी कैरोत आल्या. त्यांचे पती जेफ्री ब्रूक घोडदळाचे ब्रिगेडियर होते. युद्ध संपून बारा वर्षे झाली होती. रस्त्यावर दिसणाऱ्या काही मरतुकड्या, उंच हाडापेराच्या घोड्यांच्या अंगावर त्यांना ब्रिटिश लष्कराचा बाणाच्या आकाराचा डाग दिसला. इजिप्तचे देशी घोडे लहान चणीचे. हे घोडे वेगळे होते. प्राणिदया संस्थेच्या तबेल्यात त्यांनी असाच एक घोडा पाहिला. ‘ओल्ड बिल’ या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. त्याची अवस्था अशी होती की ब्रूकबाईंनी त्याला मालकाकडून विकत घेतले आणि वेदनेतून सोडवले. पण ते घोड्यांपैकी एकाचे झाले. बाकीचे शहरभर विखुरलेले होते.

१९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राला पत्र लिहिले. ज्यांच्या पाठीवर बसून आपण युद्ध जिंकलो त्यांचे आपण काय केले, असा त्या पत्राचा आशय होता. वाचकांकडून पैसे येऊ लागले. समिती स्थापन झाली. मालक आपापले जनावर घेऊन येत, तपासणी होई, सौदा ठरे आणि पैसे रोख मिळत. अशा रीतीने तीन-चार वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले गेले.

येथे व्यापारी मनाला एक शंका आल्यावाचून राहणार नाही, आणि ती रास्त आहे. पैसे देऊन जनावर सोडवले की मालक त्याच पैशातून दुसरे आणतो. सोडवणारा नेमाने येतो हे कळले की भाव चढतो. पर्युषणात किंवा एखाद्या पुण्यतिथीला बाजारातून जीव सोडवणाऱ्या आपल्या अनेक मंडळांना हा अनुभव आहे. भाव करायला गेलेल्याला तो निमूट गिळावा लागतो. मग ब्रूकबाईंचा खरेदीव्यवहार पाण्यात का गेला नाही? कारण त्यांनी खरेदीला सीमा घातली होती. त्या घेत होत्या ते डाग असलेले लष्करी घोडे. त्यांची संख्या ठरलेली होती, नवी आवक शक्य नव्हती आणि १९१८ मध्ये ऐन उमेदीत असलेला घोडा १९३० मध्ये वीस वर्षांच्या आसपास पोहोचला होता. हे खाते कधीतरी बंद होणारच होते. ते बंद होत आले तेव्हा बाईंनी ओळखले की कैरोतील उरलेल्या घोड्या-गाढवांसाठी हा मार्ग चालणार नाही. १९३४ मध्ये त्यांनी ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ स्थापन केले, तेच आजचे ब्रूक रुग्णालय. तेथे जनावर विकत घेण्याऐवजी गरीब मालकाच्या जनावरावर विनामूल्य उपचार करावा, ते बरे करून त्याच मालकाच्या हाती द्यावे आणि मालकाला चार गोष्टी शिकवाव्यात, ही रीत पडली.

आता त्या गोष्टीकडे वळले पाहिजे जी टाळून पुढे जाणे या मासिकाच्या वाचकांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. विकत घेतलेल्या त्या पाच हजारांपैकी बहुतेक घोडे जगवले गेले नाहीत. त्यांना काही काळ पेंढ्याची मऊ बिछायत, पोटभर चारा, पाणी आणि विश्रांती मिळाली. त्यानंतर शक्य तितक्या वेदनारहित रीतीने त्यांचे आयुष्य संपवण्यात आले. ब्रूकबाईंच्या दृष्टीने ही दयाच होती, आणि त्यांच्या मनात खोट नव्हती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

आपल्या परंपरेला हे मान्य नाही. प्रत्येक जीवाला जगावेसे वाटते, ही आगमांची भूमिका आहे आणि दुसऱ्याच्या दुःखाचा शेवट आपल्या हाताने करण्याचा अधिकार कोणत्याही श्रावकाला दिलेला नाही. भडोचच्या कथेतही घोड्याला कोणी मारले नाही. त्याने स्वतः देह ठेवला. हा वाद भारतात नेमका त्याच सुमारास पेटला होता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एका असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरकडून विषाची सुई देवविली आणि त्याचे समर्थन ‘नवजीवन’मध्ये जाहीरपणे केले. संतप्त पत्रांचा पाऊस पडला. त्यांत जैनांची पत्रे थोडी नव्हती. गांधीजींनी आपले मत बदलले नाही, आणि समाजानेही बदलले नाही.

मात्र जो मारणार नाही, त्याने पुढचा हिशेब वाचला पाहिजे. मध्यम चणीचा, चारशे किलोचा घोडा वजनाच्या साधारण दोन टक्के सुका चारा खातो. म्हणजे दिवसाला आठ किलो, वर्षाला जवळजवळ तीन टन. पाणी दररोज पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यावे लागतात, कारण बसून राहिलेल्या घोड्याचे खूर वाढून पाय वाकडा होतो. दाढांना धारदार कोर येते, ती कानशीने घासावी लागते. नाहीतर समोर चारा असूनही घोडा उपाशी राहतो, तोंडातून चघळलेले गोळे खाली पडत राहतात. आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. पंधराव्या वर्षी पांजरपोळीत आणून सोडलेला घोडा पावती फाडून घरी गेलेल्या दात्याच्या नावावर आणखी दहा-पंधरा वर्षे खर्च लिहीत राहतो. गोळी झाडणारा एका क्षणात मोकळा होतो. न झाडणाऱ्याची जबाबदारी तेथून सुरू होते. उठता न येणाऱ्या घोड्याची कूस दर काही तासांनी पालटावी लागते, नाहीतर शरीराच्या भाराखाली कातडी आणि स्नायू सडू लागतात. रात्री कोण जागणार? वेदनाशामक औषध कोण देणार? अहिंसेच्या नावाने जनावराला कोपऱ्यात बांधून त्याच्या मरणाची वाट पाहणे ही अहिंसा नव्हे, एवढे तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधून कोंडणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना त्यांचा संबंध रस्त्याशी जोडला जात नाही. ओझ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातील कोणत्याही दिवसाची रोगनोंद मात्र याच पाच सदरांत मांडता येईल. घोट्यांभोवती काचलेल्या दोरीची जखम, हा बंध. पाठीवरचे वळ, हा वध. श्वास मोकळा होतो या समजुतीने काही प्रदेशांत गाढवांच्या नाकपुड्या चिरतात आणि लंगडेपणावर उपाय म्हणून तापल्या लोखंडाचे डाग देतात, तो छेद. झिजलेले सांधे आणि सुजलेले स्नायुबंध, हा अतिभार. पाचवा अतिचार सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त घडणारा : कामाच्या तासांत पाणी न पाजणे. पाणी पाजायला थांबले तर फेरी चुकते.

उपेक्षित घोडा पुन्हा उभा करण्याचे शास्त्र धीराचे आहे. हाडे दिसणारा घोडा पाहून दयाळू माणूस पहिल्यांदा काय करतो? गूळ आणतो, हरभरा आणतो, धान्याची पाटी पुढे ठेवतो. याच पाटीने घोडा मरू शकतो. दीर्घ उपासमारीनंतर शरीरातील क्षारांचा तोल नाजूक झालेला असतो. एकदम धान्य मिळाले की तो ढासळतो आणि हृदय थांबू शकते. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठला की तो जमिनीवर लोळू लागतो, किंवा खुरांच्या आतील भाग सुजून त्याला उभे राहणेही असह्य होते. म्हणून आरंभी साधा सुका चारा, थोडा थोडा, दिवसातून अनेक वेळा, धान्य नाही. आपल्याकडील उपवासाच्या पारण्याची शिस्त ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. आठवडे जातात तेव्हा कातडीला चमक येते. अंग भरायला महिने लागतात. मग जखमा, जंत, दात, खूर. शेवटी जोत. त्याच्या पट्ट्याखाली जाड, स्वच्छ गादी नसेल तर आधीचे सारे श्रम महिनाभरात मातीमोल होतात.

माणसाविषयीचा विश्वास परत येण्याची मुदत कोणी सांगू शकत नाही. हात वर गेला की काही घोडे वर्षांनंतरही मान झटकतात.

कैरोच्या तबेल्यांत हिरव्या चाऱ्याचे नाव ऐकून मराठी पाहुणा चमकतो. ते नाव ‘बरसीम’. आपल्याकडील दूधवाल्यांच्या तोंडचा हा शब्द आणि हा चारा, दोन्ही विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तहूनच भारतात आले. नाईलकाठच्या त्या गवताने इकडची कितीतरी जनावरे पोसली आहेत. देवाणघेवाण दुसऱ्या दिशेनेही झाली असती तर बरे झाले असते, असे वाटते. कारण ब्रूकबाई कैरोत पोहोचल्या त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी मुंबईत निरुपयोगी जनावरांसाठी संस्था उभी होती. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला, त्यावरून शहरात दंगल झाली, आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ मुंबई पांजरपोळ स्थापन झाली. शत्रुंजयावरील मोतीशा टूंकेमुळे ज्यांचे नाव यात्रेकरूंच्या ओठी आहे तेच हे मोतीशा शेठ. एक पारशी आणि एक जैन. मालाच्या खरेदी-विक्रीवर ठरावीक लागा बसवून खर्चाची सोय केली गेली. दान मनाच्या लहरीवर न सोडता व्यापाराच्या वहीतच त्याला सदर देण्याची ही योजना आजच्या विश्वस्तांनीही अभ्यासावी अशी आहे. पांजरपोळीजवळ निवारा होता, पैसा होता. बऱ्याच ठिकाणी वैद्य नव्हता. ब्रूकबाईंजवळ वैद्य होता. म्हातारपण निभावून नेणारा लागा नव्हता.

या दोहोंची गाठ घालण्याची वेळ मुंबईवर नुकतीच येऊन गेली. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाची योजना करण्यास शासनाला सांगितले. न्याय योग्य झाला. रात्री दिव्यांच्या झगमगाटात मरीन ड्राईव्हवर डांबरी रस्त्यावर नाल घसरत धावणाऱ्या त्या घोड्यांचे हाल पाहवत नव्हते. परंतु गाडी बंद झाली म्हणजे घोडा सुखी झाला असे नव्हे. मिळकत थांबलेला घोडा मालकाला त्याच दिवसापासून जड होतो, आणि दुसऱ्या गावी, दुसऱ्या जोताला विकला जातो. १९१८ नंतर कैरोत जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती. आदेशाच्या कागदाबरोबर तीन टन चाऱ्याची वार्षिक तजवीज कोणी केली, हा प्रश्न विचारायला आपल्या संघांनी संकोचू नये.

ब्रूक संस्था आज अनेक देशांत आहे, भारतातही आहे. उत्तर प्रदेशातील वीटभट्ट्यांच्या भागात घोडे-खेचरे बाळगणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियांचे बचत गट तिने बांधले. गटातल्या पैशातून औषध येते, नालबंदाची मजुरी भागते, आणि कोणाच्या जनावराला पाणी मिळाले नाही हे शेजारीण तोंडावर सांगते. शेजारणीच्या जिभेइतका कडक निरीक्षक सरकारला नेमता आला नसता. या कामात जनावर विकत घेणे नाही, मारणे तर नाहीच. मालकाची पत वाढवून जनावराचे दुःख कमी करणे आहे. ब्रूकबाईंनी खरेदीने आरंभ केला, आणि त्यांची संस्था जेथे येऊन पोहोचली ती जागा महाजनांच्या जुन्या वहीपासून फारशी दूर नाही.

डोरोथी ब्रूक १९५५ मध्ये कैरोतच वारल्या आणि तेथेच त्यांचे दफन झाले. सय्यदा झैनब वस्तीत दवाखाना चालू आहे. कैरोत उन्हाचा कडाका लवकर सुरू होतो, म्हणून मालक जनावर घेऊन सकाळीच निघतात. मोटारींच्या गर्दीतून हळूहळू चालत येणारे लंगडे गाढव आणि त्याच्या पुढे दोरी धरून पायी चालणारा गाडीवान. त्या दिवशीची फेरी त्याने बुडवलेली असते.